बालकल्याण समितीचा निर्णय: करुणा, कायदा आणि कारणमीमांसा

एखाद्या मुलाला घरी परत पाठवायचे की घरापासून दूर, सुरक्षित जागी ठेवायचे, हा प्रश्न वरकरणी केवळ दयाबुद्धीचा वाटतो. रडणारे मूल समोर उभे असताना कलमांचा काथ्याकूट कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु मुलाला आईवडिलांपासून वेगळे करणे हा राज्यसंस्थेच्या हाती असलेल्या सर्वांत गंभीर अधिकारांपैकी एक आहे. तो चुकीच्या बाजूने वापरला गेला तर गरिबीची शिक्षा मुलाला भोगावी लागते, आणि वापरायला हवा तेथे वापरला नाही तर मूल पुन्हा छळाच्या तोंडी जाते. म्हणूनच भारतीय कायद्याने हा निर्णय कोणा एका दयाळू व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेला नाही. तो जिल्ह्याजिल्ह्यातील बालकल्याण समितीकडे सोपवला असून निर्णय कसा घ्यावा याची रीतही घालून दिली आहे.

कायद्याची वाटचाल

मुलांसाठी वेगळा कायदा हवा, ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. तत्कालीन मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांविषयीचा कायदा झाला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना झाली. डोंगरी-उमरखाडीच्या वास्तूशी या संस्थेचे नाव जोडले गेले आणि 'रिमांड होम' हा शब्द मराठी घराघरांत रुजला, तोही बहुधा मुलांना धाक घालण्यासाठी. १९४८ मध्ये नवा मुंबई बालक अधिनियम आला. मात्र राज्याराज्यांचे कायदे निरनिराळे होते आणि अनेक ठिकाणी मुले प्रौढांच्या तुरुंगात आढळत होती. पत्रकार शीला बारसे यांनी या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळे त्याची देशपातळीवर चर्चा झाली.

१९८६ मध्ये संसदेने देशभर लागू होणारा बाल न्याय अधिनियम केला. त्यात मुलाचे वय १६ आणि मुलीचे १८ वर्षांपर्यंत धरले होते, आणि निराधार मुलांसाठी 'उपेक्षित बालक' असा शब्द होता. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली गेली व भारताने तिला ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. त्यानंतरच्या २००० च्या अधिनियमाने मुलगा-मुलगी दोघांसाठी १८ वर्षांची एकच मर्यादा ठरवली, 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ही संज्ञा रूढ केली आणि बालकल्याण समिती अस्तित्वात आणली. सध्याचा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ चा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या व त्या १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाल्या. महाराष्ट्राने आपले स्वतंत्र नियम २०१८ मध्ये केले.

समितीची रचना आणि अधिकार

समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. सदस्यांपैकी किमान एक महिला आणि एक बालकांच्या विषयातील तज्ज्ञ असावा लागतो. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे, असे कायदा सांगतो. एरवी बहुमत चालते, पण प्रकरणाचा अंतिम निकाल देताना किमान तीन सदस्य हजर असणे आवश्यक आहे. समितीला महानगर दंडाधिकारी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेले आहेत.

हे सदस्य बहुतेक वेळा सामाजिक कार्य, शिक्षण, मानसशास्त्र, आरोग्य अशा क्षेत्रांतून येतात. सर्वच जण विधिज्ञ नसतात. तरीही दंडाधिकाऱ्याचे अधिकार हाती येताच दंडाधिकाऱ्याची जबाबदारीही येते. आपल्या अधिकारक्षेत्रात काय येते, कोणत्या पुराव्यावर भरवसा ठेवायचा, कोणाचे ऐकून घ्यायचे आणि निर्णयाची कारणे कशी नोंदवायची, हे समितीला पाहावेच लागते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार जिल्ह्यातील बालसंगोपन संस्थेच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती समितीची सदस्य होऊ शकत नाही. मूल ज्या संस्थेत पाठवायचे तिच्याशी निर्णय घेणाऱ्याचे हितसंबंध गुंतलेले नसावेत, हा नैसर्गिक न्यायाचा साधा नियम त्यामागे आहे.

एक कल्पित प्रकरण

समितीची विचारपद्धती समजून घेण्यासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. मनमाड स्थानकावर रेल्वे पोलिसांना एक मुलगा एकटा फिरताना आढळतो. तो सांगतो की, गाव बीड जिल्ह्यात आहे. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले. त्याला चुलत्याकडे ठेवले होते, पण चुलत्याने त्याला महामार्गावरील एका ढाब्यावर कामाला लावले. पैसे हातात कधी मिळाले नाहीत, मार मात्र मिळाला, म्हणून तो पळाला. वय विचारता 'अकरा' म्हणतो. ढाबेवाला मात्र 'पंधरा' सांगतो.

अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत समितीपुढे आणावे लागते. पोलिसांप्रमाणेच कामगार निरीक्षक, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका, डॉक्टर, कोणीही लोकसेवक मुलाला हजर करू शकतो. मूल स्वतःही येऊ शकते. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे हजर करता येते. हरवलेले, सोडून दिलेले वा अनाथ दिसणारे मूल आढळल्यास कळवणे हे प्रत्येकावर बंधनकारक असून ते न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

पहिला प्रश्न: हे मूल व्याख्येत बसते का?

समोर आलेले प्रत्येक दुःखी मूल समितीच्या अधिकारात येतेच असे नाही. कलम २ (१४) मध्ये 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' म्हणजे कोण, हे बारा उपकलमांत सांगितले आहे. बेघर व उपजीविकेचे साधन नसलेले, कामगार कायदे मोडून राबवले जाणारे, भीक मागणारे, ज्याच्यासोबत राहते त्याच्याकडूनच छळ सोसणारे, हरवलेले वा पळालेले, लैंगिक अत्याचार झालेले, व्यसन किंवा मानवी तस्करीत ओढले जाण्याचा धोका असलेले, नैसर्गिक आपत्तीत सापडलेले, बालविवाहाच्या तोंडाशी असलेले, अशी ती यादी आहे.

या यादीत 'गरीब आईवडिलांचे मूल' असे उपकलम नाही, ही बाब मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. झोपडीत राहणे, हंगामी स्थलांतर करणे, आई एकटी असणे, बाप मजूर असणे, यांपैकी कोणतीही गोष्ट एकटीने मुलाला घरापासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. पालक अयोग्य किंवा असमर्थ आहेत असा निष्कर्ष काढायचा तर त्याला स्वतंत्र आधार लागतो.

मनमाडच्या मुलाच्या बाबतीत तीन आधार दिसतात. तो पळालेला आहे, कामगार कायद्याविरुद्ध राबवला गेला आहे, आणि ज्याच्याकडे राहत होता त्यानेच त्याचे शोषण केले आहे. हे तिन्ही आधार चुलता आणि ढाबेवाल्याकडे बोट दाखवतात, आईवडिलांकडे नव्हे. कोणत्या उपकलमाखाली मूल समितीकडे आले, हे पहिल्याच दिवशी नेमके लिहिले तर पुढची सारी चौकशी योग्य दिशेने जाते. 'निराधार' असा ढोबळ शेरा मारला तर जिवंत आईवडील कागदावरून पुसले जातात.

समितीचे क्षेत्र कोठे संपते, हेही ठाऊक असावे लागते. विभक्त पतीपत्नींमधील ताब्याचा वाद कौटुंबिक न्यायालयाचा किंवा १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखालील न्यायालयाचा विषय आहे. मुलावर गुन्ह्याचा आरोप असेल तर ते विधीसंघर्षग्रस्त बालक म्हणून बाल न्याय मंडळाकडे जाते.

दुसरा प्रश्न: वय किती?

वयाचा प्रश्न येथे निर्णायक आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास, कौटुंबिक उद्योगातील मदतीसारखे मोजके अपवाद सोडता, पूर्ण बंदी आहे, तर १४ ते १८ वयोगटासाठी धोकादायक कामांवर बंदी आहे. त्यामुळे अकरा की पंधरा, यावर ढाबेवाल्याची जबाबदारी अवलंबून राहते.

कलम ९४ ने वयनिश्चितीचा क्रम ठरवून दिला आहे. मूल उघडच १८ वर्षांखालील दिसत असेल तर समितीने तसे नोंदवून काम पुढे चालवावे, वयाच्या पुराव्यासाठी मुलाला ताटकळत ठेवू नये. शंका असेल तर प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांच्या वाढीवरून वय ठरवणारी वैद्यकीय चाचणी. ही चाचणी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी लागते. चाचणीतून मिळतो तो अंदाज असतो, म्हणूनच तिला शेवटचे स्थान आहे. शाळेचा केवळ स्थलांतर दाखला या कलमातील पुरावा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मधील एका निकालात म्हटले. शाळा सोडल्याचा दाखला सर्रास पुरावा मानणाऱ्या महाराष्ट्रातील यंत्रणेनेही ही सावधगिरी बाळगण्यासारखी आहे.

तिसरा प्रश्न: खरे काय घडले?

समितीपुढील चौकशी म्हणजे खटला नव्हे. तेथे मूल आरोपी नसते आणि पालकही आरोपी नसतात. पण खटला नाही म्हणून पुरावा नको, असा त्याचा अर्थ होत नाही. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी मुदत आहे.

अहवाल वाचताना तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेले, इतरांकडून ऐकलेले आणि अधिकाऱ्याने त्यावरून काढलेले अनुमान. 'घरात अन्नधान्य नव्हते' हे निरीक्षण आहे. 'वडील दारू पितात असे शेजारी म्हणतात' ही ऐकीव माहिती आहे. 'आईवडिलांना मुलाची आस्था नाही' हे अनुमान आहे. घर बंद होते म्हणून आस्था नाही असा निष्कर्ष निघाला असेल, तर घर ऊसतोडीच्या हंगामात बंद होते, एवढेच त्यातून सिद्ध होते. आईवडिलांना कारखान्याच्या परिसरातील अड्ड्यावरून शोधून काढले का, त्यांना समितीपुढे बोलावले का, त्यांना आरोप समजतील अशा भाषेत सांगितले का, हे प्रश्न समितीने विचारलेच पाहिजेत.

मुलाचे म्हणणे हाही पुरावाच आहे. मुलाला ऐकून घेणे आणि त्याचे वय व समज पाहून त्याच्या मताला वजन देणे, हे कायद्याच्या मूलतत्त्वांपैकी एक आहे. 'मला घरी जायचे आहे' किंवा 'मला घरी जायचे नाही' या वाक्यावर आदेश संपत नाही, पण त्या वाक्याची दखल न घेता आदेश सुरूही होऊ शकत नाही. मूल घरी जायला नकार देत असेल तर त्यामागे मार आहे, भीती आहे, की शाळा सुटण्याची चिंता आहे, हे शोधावे लागते.

चौथा प्रश्न: कोणता पर्याय?

कलम ३७ समितीपुढे अनेक पर्याय ठेवते. देखरेखीसह वा देखरेखीविना मुलाला पालकांकडे सोपवणे, योग्य व्यक्तीकडे ठेवणे, प्रतिपालक कुटुंबात देणे, आर्थिक साहाय्य मंजूर करणे, बालगृहात वा अन्य योग्य संस्थेत ठेवणे, आणि अनाथ, परित्यक्त वा स्वाधीन केलेल्या बालकास दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करणे.

हे सर्व पर्याय एकाच पातळीवरचे नाहीत. कलम ३ मध्ये सोळा मूलतत्त्वे दिली आहेत. त्यांत मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा पुरेशा चौकशीनंतरचा अखेरचा उपाय, अशी दोन तत्त्वे आहेत. संस्थेत ठेवण्यापूर्वी कुटुंब सापडत नाही, किंवा सापडले तरी तेथे परत पाठवणे मुलाच्या हिताचे नाही, या निष्कर्षाला समितीने यावे लागते. म्हणजेच बालगृहाचा आदेश देणाऱ्याने आधीचे पर्याय का चालत नाहीत, हे सांगणे भाग आहे.

अडचण फक्त पैशाची असेल तर तोडगाही पैशाचाच हवा. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलाला कुटुंबातच राहता यावे म्हणून दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतील दरमहा अनुदान २०२३ मध्ये १,१०० वरून २,२५० रुपये करण्यात आले. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची व्यवस्थाही राज्यात आहे. मनमाडच्या मुलासाठी नाशिकच्या समितीने प्रकरण बीडच्या समितीकडे वर्ग करणे, मुलाला पोलीस सोबतीने तेथे पोहोचवणे, हंगामापुरती वसतिगृहाची सोय करणे आणि हंगाम संपताच देखरेखीसह आईवडिलांकडे सोपवणे, हा मार्ग कायद्याच्या चौकटीत सहज बसतो. ढाबेवाल्यावर गुन्हा नोंदवणे आणि मुलाची बुडालेली मजुरी वसूल करणे, हे स्वतंत्रपणे चालते. मुलाला कामाला जखडून ठेवणाऱ्या किंवा त्याची कमाई अडकवणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

उलट चौकशीत वडिलांनीच उचल फेडण्यासाठी मुलाला ढाब्यावर दिले असे निष्पन्न झाले, तर त्याच कायद्याने निष्कर्ष बदलतो. तेव्हा 'आईवडिलांचा हक्क' हा मुलाच्या सुरक्षिततेपुढे दुय्यम ठरतो. मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच घेतली आहे.

'सर्वोत्तम हित' म्हणजे काय?

बालकाचे सर्वोत्तम हित हा शब्दप्रयोग प्रत्येक आदेशात आढळतो, आणि म्हणूनच तो पोकळ होण्याचा धोका असतो. कायद्याने त्याला आशय दिला आहे. मुलाचे मूलभूत हक्क व गरजा, त्याची ओळख, सामाजिक स्वास्थ्य, आणि शारीरिक, भावनिक व बौद्धिक विकास यांची पूर्तता, हा प्रत्येक निर्णयाचा पाया असावा. 'ओळख' या एका शब्दात मुलाची भाषा, गाव, भावंडे, नातीगोती सारे येते. संस्थेतील पलंग, दोन वेळचे जेवण आणि गणवेश या मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत. आजीचा सहवास मोजता येत नाही, पण म्हणून तो तराजूत टाकायचा नाही असे नव्हे.

या हिताचे मोजमाप मुलागणिक वेगळे असते. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना संस्थांतील मुले कुटुंबांकडे परत पाठवण्याविषयी कळवले होते. कुटुंब हेच मुलाचे घर, हे तत्त्व योग्यच होते. परंतु सरसकट परतवणी ही सरसकट भरतीइतकीच घातक ठरू शकते, अशी चिंता तेव्हा व्यक्त झाली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी परतलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये देण्याचे निर्देश दिले. घरी पाठवणे म्हणजे जबाबदारी संपणे नव्हे, हा त्यातील धडा आहे.

परत न फिरणारा निर्णय

दत्तकाच्या बाबतीत ही शिस्त सर्वाधिक कडक आहे, कारण तेथे मूळ कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते कायमचे तुटते. १९८४ मधील लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाविषयी तपशीलवार दंडक घालून दिले आणि पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा उभी राहिली. आज मूल स्वाधीन करणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. अनाथ वा सोडून दिलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घेऊन, मूल दोन वर्षांपर्यंतचे असल्यास दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांत, ते दत्तकासाठी मुक्त असल्याचा निर्णय व्हावा लागतो. दत्तकाचा अंतिम आदेश २०२२ पासून जिल्हादंडाधिकारी देतात व त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

मुदत दोन्ही बाजूंनी महत्त्वाची आहे. घाईने घेतलेला निर्णय आईला कायमचा वंचित करतो, तर रेंगाळलेला निर्णय मुलाचे कुटुंब मिळण्याचे वय संस्थेतच संपवतो.

कारणे लिहिण्याचे मोल

समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करता येते, तर प्रतिपालकत्व व आर्थिक साहाय्याविषयीच्या निर्णयांवर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. उच्च न्यायालयही प्रकरण तपासू शकते. 'कागदपत्रे पाहिली, बालकाचे हित लक्षात घेता बालगृहात दाखल करावे' एवढाच छापील आदेश असेल, तर ऊसतोड कामगार आईने अपील कशाच्या आधारे करायचे?

चांगल्या आदेशात पाच गोष्टी सापडतात: सिद्ध झालेली वस्तुस्थिती, लागू होणारे उपकलम, मुलाचे व पालकांचे म्हणणे, नाकारलेले पर्याय व त्यांची कारणे, आणि फेरआढाव्याची तारीख. यासाठी जाडजूड निकालपत्र लागत नाही, दोन पाने पुरतात. त्यात मुलाची बदनामी करणारी भाषा नसावी, आणि मुलाची ओळख उघड होऊ नये याची खबरदारी असावी. ओळख प्रसिद्ध करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

कारणे लिहिताना निर्णय घेणाऱ्यालाच आपल्या विचारातील पोकळ जागा दिसतात. आईवडिलांना विचारलेच नाही, हे अनेकदा आदेश लिहायला बसल्यावर ध्यानात येते. मनमाडच्या त्या मुलासाठी पहिल्या दिवशीची माया पोटभर जेवण आणि निजायला जागा देते. तो पुढच्या दिवाळीला आपल्या गावी असेल की अनोळखी भिंतींच्या आत, हे मात्र त्या दोन पानांत काय लिहिले जाते यावर ठरते. असे एकटे, भेदरलेले मूल नागरिकांना दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवता येते. पुढची जबाबदारी कायद्याची आणि तो चालवणाऱ्यांची.